शंभरात सत्तर म्हणजे नेमके किती? – विमा व वित्त क्षेत्रासाठी संभाव्यता शिकताना

मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या तरुण मंडळींकडून गेली काही वर्षे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "संगणकाच्या कामात दहा-बारा वर्षे झाली. आता विमा कंपनीत किंवा बँकेच्या जोखीम विभागात जायचे म्हणतोय. त्यासाठी संभाव्यता शिकावी लागते म्हणतात. ती घरी बसून, नोकरी सांभाळून शिकता येईल का?" मी स्वतः फुनाबोरीत राहतो आणि टोकियोतील एका विमा कंपनीत जोखीम मोजण्याचे काम करतो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी याच वाटेने आलो, म्हणून बहुधा हा प्रश्न माझ्याकडे येतो. उत्तर थोडक्यात द्यायचे तर, "होय, येईल, पण सूत्रांपासून सुरुवात करू नका."

संभाव्यतेची सूत्रे फारशी अवघड नाहीत. बारावीचे गणित आणि थोडे कलन ज्याला येते त्याला ती महिन्याभरात पाठ होतात. खरी अडचण प्रश्न ओळखण्यात असते. समोर आकडा आला की तो किती काळासाठी आहे, कशापैकी आहे, आणि ज्या घटना मोजल्या त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली पाहिजे. विमागणिती, म्हणजे ज्यांना आपण ॲक्च्युअरी म्हणतो ते, आणि वित्तसंस्थांतील 'क्वांट' मंडळी दिवसभर हेच करतात. ही सवय लावायला एदोगावासारखी जागा शोधून सापडणार नाही. आपल्या टपालपेटीत येणाऱ्या कागदांतच निम्मा अभ्यासक्रम आहे. या लेखात तसे चार धडे मांडले आहेत. शेवटी अभ्यासाची आखणी आणि स्वाध्याय दिला आहे. ज्यांना नोकरी बदलायची नाही त्यांनाही पहिले तीन धडे घरच्या निर्णयांसाठी उपयोगी पडावेत.

धडा पहिला : किती काळासाठी?

'दक्षिण कान्तो भागात येत्या तीस वर्षांत सात प्रतीच्या आसपासचा भूकंप होण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्के' हे वाक्य जपानमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. जपान सरकारच्या भूकंप संशोधन समितीने २०१४ साली केलेल्या मूल्यमापनातील हा आकडा आहे. तो कसा काढला हे पाहिले तर संभाव्यतेचा एक संपूर्ण धडा हाती लागतो.

१७०३ साली गेनरोकू काळातील महाभूकंप झाला आणि १९२३ साली कान्तोचा महाभूकंप झाला. या दोहोंमधील २२० वर्षांत या प्रकारचे आठ भूकंप झाल्याची नोंद समितीने धरली. २२० भागिले ८ म्हणजे सरासरी साडेसत्तावीस वर्षांतून एक. पुढचे पाऊल असे, की हे धक्के कोणत्याही वर्षी सारख्याच शक्यतेने येतात असे मानायचे. या मानण्याला प्वासाँ प्रक्रिया म्हणतात. मग तीस वर्षांत एकही धक्का न येण्याची शक्यता काढण्यासाठी ३० ला २७.५ ने भागायचे. उत्तर येते १.०९. नैसर्गिक लघुगणकाचा पाया जो २.७१८, त्याचा १.०९ वा घात साधारण २.९८ होतो. १ ला २.९८ ने भागले की ०.३३६ मिळतात. म्हणजे धक्का न येण्याची शक्यता ३४ टक्के आणि निदान एक तरी येण्याची ६६ टक्के. समितीने ती 'सत्तर टक्क्यांच्या आसपास' अशी सांगितली. एवढे गणित बारावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल.

आता हाच हिशेब वेगवेगळ्या मुदतींसाठी करून पाहा. एका वर्षासाठी शक्यता साधारण ३.६ टक्के येते, तीन वर्षांसाठी १० टक्के, पाच वर्षांसाठी १७ टक्के आणि दहा वर्षांसाठी ३० टक्के. आपल्याकडची अनेक कुटुंबे तीन ते पाच वर्षांसाठी येतात. त्यांच्यासाठी खरा आकडा सत्तर नव्हे, दहा ते सतरा आहे. शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या होत्या, "अहो भाऊजी, सत्तर टक्के म्हणतात आणि आम्ही दोन वर्षांत परत जाणार, मग त्या सत्तरातले आमच्या वाट्याला किती?" प्रश्न अगदी विमागणित्याच्या तोंडी शोभावा असा होता. उत्तर, सुमारे सात टक्के.

याच धड्यात आणखी एक गोष्ट लपली आहे. १९२३ नंतर शंभर वर्षे उलटून गेली, म्हणजे आता भूकंप 'थकला' आहे, असे बरेच जण म्हणतात. प्वासाँ प्रक्रियेला मात्र स्मृती नसते. तिच्या दृष्टीने गेल्या वर्षी धक्का आला काय आणि शंभर वर्षांपूर्वी आला काय, पुढच्या वर्षाची शक्यता तेवढीच. सगळीकडे हीच रीत वापरत नाहीत. नानकाई खंदकातील महाभूकंपासाठी मागील धक्क्यानंतर किती काळ लोटला ते धरणारी रीत समितीने वापरली आहे. म्हणजे आकड्यामागे नेहमी एक मानणे असते आणि विद्यार्थ्याने ते विचारलेच पाहिजे. आपल्या उदाहरणातले आठ भूकंपही समान अंतराने आलेले नाहीत. १८५५ चा एदोचा भूकंप आणि १८९४ चा टोकियोचा भूकंप हे दोन्ही त्या २२० वर्षांच्या उत्तरार्धातले आहेत. नुसती सरासरी घेतली की हे दिसत नाही.

आता घरखर्चाकडे वळू. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडे बहुधा 'कासाई होकेन' म्हणजे आगीचा विमा असतो. पण भूकंपामुळे लागलेल्या आगीची भरपाई या विम्यातून सामान्यतः मिळत नाही. त्यासाठी 'जिशिन होकेन' म्हणजे भूकंपविमा जोडून घ्यावा लागतो. तो स्वतंत्र मिळत नाही आणि त्याची रक्कम आगीच्या विम्याच्या ३० ते ५० टक्के एवढीच ठेवता येते. भाडेकरूला तो 'काझाई' म्हणजे घरातील सामानापुरता घेता येतो. समजा सामानाचा आगीचा विमा ६० लाख येनांचा आहे आणि त्यावर ३० लाखांचा भूकंपविमा घेतला. ऑक्टोबर २०२२ च्या दरांनुसार टोकियोतील काँक्रीटच्या इमारतीसाठी एक कोटी येनांमागे वर्षाला २७,५०० येन, म्हणजे आपल्याला ८,२५० येन हप्ता पडतो. भरपाई नुकसानीच्या चार पायऱ्यांवर मिळते. सामानाचे अंशतः नुकसान झाले तर विम्याच्या ५ टक्के, त्यापुढे ३० टक्के, ६० टक्के आणि पूर्ण नुकसानीला १०० टक्के.

इथे नवशिक्याला कोडे पडते. भूकंपाची वार्षिक शक्यता ३.६ टक्के, मग हप्ता रकमेच्या ०.२७५ टक्केच कसा? याचे उत्तर 'वारंवारता गुणिले तीव्रता' या विमागणिताच्या मूळ सूत्रात आहे. दक्षिण कान्तोत भूकंप झाला म्हणजे तो फुनाबोरीच्या पायाखालीच झाला असे नाही, आणि झाला तरी काँक्रीटच्या घरातले सगळे सामान जातेच असे नाही. ढोबळ मानाने ०.२७५ ला ३.६ ने भागले तर साडेसात टक्क्यांच्या आसपास सरासरी नुकसान येते. प्रत्यक्षात दर ठरवताना इतर सर्व भूकंप आणि कंपनीचा खर्चही धरतात. तरी विचाराची दिशा हीच. घटना किती वेळा घडेल आणि घडल्यास किती लागेल, हे दोन प्रश्न नेहमी वेगळे ठेवावेत.

धडा दुसरा : कशापैकी?

दुसरा कागद आरोग्य तपासणीचा. जपानमध्ये चाळिशीनंतर मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दरवर्षी शौचातील रक्ताची तपासणी करतात. काही जणांना नंतर पत्र येते, 'सविस्तर तपासणी आवश्यक'. पत्र हाती पडले की घरात रडारड सुरू होते, किंवा उलट, "काही नसतं हो, मूळव्याधीनेही येतं" म्हणून ते ड्रॉवरमध्ये जाते. दोन्ही प्रतिक्रिया चूक आहेत आणि दोन्हींची चूक एकच गणित दाखवते.

उदाहरणापुरते सोपे आकडे घेऊ. एक हजार लोकांनी तपासणी केली. त्यांपैकी पाच जणांना खरोखर आजार आहे. तपासणी आजारी माणसांपैकी ८० टक्के ओळखते, म्हणजे पाचांतले चार. निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना ती उगाचच शंकास्पद ठरवते, म्हणजे ९९५ पैकी सुमारे पन्नास. आता पत्रे किती जणांना गेली? चार अधिक पन्नास, चौपन्न. त्यांत खरे आजारी चार. म्हणजे पत्र आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता साधारण ७ टक्के. 'ऐंशी टक्के अचूक तपासणी' ऐकून आपण जे समजतो त्यापेक्षा हे फारच वेगळे आहे.

आजारी माणसांपैकी किती जणांची तपासणी शंकास्पद येते, हा एक प्रश्न. तपासणी शंकास्पद आलेल्यांपैकी किती जण आजारी असतात, हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत ही या विषयातली सर्वांत जुनी चूक. यालाच सशर्त संभाव्यता म्हणतात आणि एकीवरून दुसरीकडे जाण्याचा नियम बेज या इंग्रज धर्मगुरूच्या नावाने ओळखला जातो. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला.

आता ड्रॉवरवाल्या मंडळींसाठी. पत्र येण्याआधी आपली शक्यता हजारात पाच होती. पत्रानंतर ती चौपन्नात चार झाली, म्हणजे जवळजवळ पंधरा पट वाढली. एका तपासणीने शक्यता पंधरा पट होत असेल तर पुढच्या दुर्बिणीच्या तपासणीला जायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. घाबरू नये, पण जावे. उरलेल्या ९४६ जणांचे काय? त्यांत एक आजारी सुटला आहे. म्हणून 'सर्व ठीक' असे आले तरी पुढच्या वर्षी तपासणी चुकवू नये.

या विषयात मराठी माणसाचे नाव घ्यायचे तर प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार यांचे घ्यावे लागेल. १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या हुजूरबाजारांनी केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन केले आणि पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. जेफ्रीज हे एकाच वेळी भूकंपशास्त्रज्ञ आणि बेजच्या विचारपद्धतीचे मोठे पुरस्कर्ते. भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून किती वेळात प्रवास करतात याचे तक्ते त्यांनी बुलेन यांच्यासह तयार केले, आणि संभाव्यतेवरचा त्यांचा ग्रंथ १९३९ साली आला. अपुऱ्या नोंदींवरून पृथ्वीच्या पोटात काय आहे ते ठरवायचे आणि नवी नोंद आली की मत सुधारायचे, ही जेफ्रीज यांची वाट होती. आरोग्य तपासणीचे पत्र वाचतानाही आपण त्याच वाटेने जातो.

धडा तिसरा : एकेकटे की एकदम?

हा धडा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण पुस्तकात तो एका ओळीत येतो आणि व्यवहारात त्यावर कंपन्या बुडतात.

आधी साधा आयुर्विमा घेऊ. समजा दहा हजार विमेदार आहेत, प्रत्येकाची वर्षभरात मृत्यूची शक्यता हजारात एक आणि विम्याची रक्कम एक कोटी येन. मग प्रत्येकाकडून शुद्ध हप्ता दहा हजार येन घ्यावा लागेल. अपेक्षित मृत्यू दहा. पण प्रत्यक्षात दहाच होतील असे नाही. याचे प्रमाण विचलन साधारण दहाचे वर्गमूळ, म्हणजे ३.२ येते. त्यामुळे बहुतेक वर्षी हा आकडा ४ ते १६ च्या दरम्यान राहील. सोळा झाले तर कंपनीचा अंदाज ६० टक्क्यांनी चुकला. आता विमेदार दहा लाख करा. अपेक्षित मृत्यू एक हजार, प्रमाण विचलन सुमारे ३२. बहुतेक वर्षी आकडा ९४० ते १,०६० मध्ये. चूक आता ६ टक्क्यांवर आली. माणसे शंभर पट झाली आणि चूक दहाव्या हिश्शावर आली. हाच बृहत् संख्यांचा नियम, आणि विम्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

अर्थात हजारात एक हा आकडा कोणाच्या नोंदींवरून घेतला हेही विचारायला हवे. एकोणिसाव्या शतकात भारतात आलेल्या विमा कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत असत. १८७० साली स्थापन झालेल्या बाँबे म्युच्युअल या मुंबईच्या संस्थेने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा देण्यास प्रारंभ केला. कोष्टक कोणाचे आणि लावले कोणाला, हा प्रश्न तेव्हाही पैशाचा होता आणि आजही आहे.

आता हाच हिशेब एदोगावाला लावा. इथल्या दहा लाख घरांचा भूकंपविमा घेतला म्हणून चूक कमी होईल का? मुळीच नाही. एका घराला हादरा बसला तर तो शेजारच्या घरालाही बसणार. बृहत् संख्यांचा नियम स्वतंत्र घटनांसाठी आहे. ज्या घटना एकमेकींचा हात धरून येतात त्यांना गर्दी वाढवून काही फायदा होत नाही. म्हणूनच जपानमध्ये भूकंपविमा खाजगी कंपन्यांवर एकट्याने सोपवलेला नाही. १९६४ च्या निइगाता भूकंपानंतर १९६६ साली त्यासाठी कायदा झाला. सरकार स्वतः पुनर्विमा देते, हप्त्यात नफा धरला जात नाही, आणि एका भूकंपासाठी एकूण भरपाईची मर्यादा १२ लाख कोटी येन ठेवली आहे. नुकसान त्यापेक्षा जास्त झाले तर प्रत्येकाची भरपाई त्या प्रमाणात कमी करता येते. २०११ च्या तोहोकु भूकंपात या योजनेतून एक लाख कोटी येनांहून अधिक भरपाई दिली गेली.

पुराचेही असेच. एदोगावाचा सुमारे ७० टक्के भूभाग भरतीच्या पाणीपातळीपेक्षा खाली आहे. २०१९ च्या मे महिन्यात वॉर्डाने घरोघर पाठवलेल्या आपत्ती-नकाशात 'इथे थांबू नका' असे स्पष्ट छापले होते. त्यानंतर पाचच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, एकोणिसावे वादळ आले. पूर आला तर तो फक्त आपल्याच घरात शिरणार नाही. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की नदीच्या पुराचे नुकसान भूकंपविम्यात येत नाही. ते आगीच्या विम्यातील 'सुइसाई' या कलमात येते आणि ते कलम आपल्या विम्यात आहे की नाही हे कागद काढून पाहावे लागते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून या कलमाचे संदर्भदर गावागावांनुसार पाच वर्गांत विभागले गेले. म्हणजे इथेही 'कशापैकी' हा प्रश्न अधिक बारकाईने विचारला जाऊ लागला.

ज्यांना वित्तक्षेत्रात जायचे आहे त्यांनी हा धडा २००८ च्या आर्थिक अरिष्टाशी जोडून वाचावा. हजारो गृहकर्जे एकत्र बांधली की धोका कमी होतो, असा तेव्हाचा समज होता. कर्जे एकदम बुडण्याची शक्यता मोजण्यासाठी डेव्हिड ली यांनी २००० साली मांडलेले सूत्र फार वापरात होते. ली यांनी विमागणिताचे शिक्षण घेतले होते. जोडीदार गेल्यानंतर मागे राहिलेल्या माणसाच्या मृत्यूची शक्यता काही काळ वाढते, ही विमागणित्यांना ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी कर्जांना लावली. कल्पना सुंदर होती. पण त्यात भरलेले परस्परसंबंधाचे आकडे घरांच्या किमती वाढत असतानाच्या चांगल्या दिवसांतले होते. किमती सगळीकडे एकदम पडल्या तेव्हा कर्जेही एकदम बुडाली.

धडा चौथा : वर्षाचे चढउतार

आपण सर्वजण घरी पैसे पाठवतो, त्यामुळे येन-रुपया दराकडे लक्ष असते. समजा हा दर रोज सरासरी ०.६ टक्के वरखाली होतो. मग वर्षात व्यवहाराचे २५० दिवस धरले तर तो २५० पट, म्हणजे १५० टक्के हलेल का? नाही. एक दिवस वर, दुसऱ्या दिवशी खाली, असे चढउतार एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. रोजचे बदल स्वतंत्र मानले तर हिशेब वेळेच्या वर्गमूळाने वाढतो. २५० चे वर्गमूळ १५.८, म्हणून वर्षाचा चढउतार साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्या धड्यातले वर्गमूळ इथे पुन्हा भेटले, हे लक्षात आले असेल.

हे रोजचे पाऊल अधिकाधिक लहान करत नेले की जे गणित लागते त्याचा पाया एका जपानी गणितज्ञाने घातला. कियोशी इतो यांचा जन्म १९१५ साली मिए प्रांतात झाला. विद्यापीठ सोडल्यावर ते सरकारच्या संख्याशास्त्र कार्यालयात नोकरीला होते, आणि त्या नोकरीत असतानाच १९४२ साली त्यांनी आपला मूळ लेख जपानी भाषेत लिहिला. १९७३ साली ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी वायदेबाजारातील 'ऑप्शन'ची किंमत काढण्यासाठी इतोंचे कलन वापरले, तेव्हा ते जगभरच्या बँकांत पोहोचले. २००६ साली गाउस पारितोषिकाचे ते पहिले मानकरी ठरले.

योगायोग असा, की इतोंच्या लेखाच्या पुढच्याच वर्षी, १९४३ साली, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी यादृच्छिक वक्रांवर एक निबंध प्रसिद्ध केला. पुष्कळ हलणाऱ्या वक्रांतून मोजके मुख्य घटक वेगळे काढण्याची ही रीत पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि आता कोसंबींचे नावही त्यांच्याबरोबर घेतले जाते. व्याजदरांच्या हालचालींचा अभ्यास करताना याच जातीची रीत वापरतात. कोसंबींना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, पण आमच्या क्षेत्रात त्यांची आठवण या कारणाने निघते.

अभ्यासाची आखणी

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना मी पुढील क्रम सुचवतो.

१. पहिले दोन महिने फक्त मोजणी, सशर्त संभाव्यता आणि बेजचा नियम. रोज तीन उदाहरणे, हाताने, कागदावर. संगणकाला इतक्यात हात लावू नये. वरीलप्रमाणे 'हजार माणसे' घेऊन सोडवावे आणि मग सूत्रात बसवावे.

२. पुढचे तीन महिने यादृच्छिक चल, अपेक्षित मूल्य, प्रसरण आणि मुख्य वितरणे. द्विपद, प्वासाँ, घातांकी आणि प्रसामान्य ही चार नीट आली की बाकीची त्यांची भावंडे आहेत. प्रत्येक वितरणाला एक घरगुती उदाहरण जोडावे.

३. त्यानंतर दोन महिने दोन चलांचा एकत्रित विचार. इथे बहुतेकजण कंटाळतात, कारण दुहेरी संकलने येतात. पण तिसरा धडा आठवा. सगळा धोका इथेच दडलेला असतो.

४. शेवटचा एक महिना जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून.

पुस्तकांत शेल्डन रॉस यांचे 'ए फर्स्ट कोर्स इन प्रॉबॅबिलिटी' हे सुरुवातीला चांगले. गोडी लागली की विल्यम फेलर यांचा पहिला खंड घ्यावा. तो १९५० चा असला तरी त्यातली उदाहरणे अजून ताजी वाटतात. बँकेकडे जायचे असेल त्यांनी त्यानंतर जॉन हल यांचे डेरिव्हेटिव्हजवरील पुस्तक वाचावे. इतोंचे कलन त्याआधी हाती घेऊ नये.

परीक्षांचे तीन मार्ग आहेत. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ ॲक्च्युअरीज या संस्थेची 'पी' ही परीक्षा केवळ संभाव्यतेवर आहे. तीन तास, तीस पर्यायी प्रश्न, इंग्रजीत. आपण कितपत पाण्यात आहोत हे कळायला ती उत्तम. दुसरा मार्ग इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचा. ही संस्था १९४४ साली ॲक्च्युअरिअल सोसायटी म्हणून सुरू झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला आजचे स्वरूप मिळाले. प्रवेशपरीक्षेनंतर टप्प्याटप्प्याने विषय द्यावे लागतात. परत भारतात जायचे ठरलेल्यांना हा मार्ग सोयीचा. तिसरा मार्ग जपानच्या ॲक्च्युअरी संस्थेचा, जी १८९९ पासून आहे. पहिल्या टप्प्यात गणित, आयुर्विमा, सामान्य विमा, निवृत्तिवेतन आणि लेखा-अर्थशास्त्र-गुंतवणूक असे पाच विषय असतात. परीक्षा जपानीत असते. तरी गणिताच्या प्रश्नपत्रिकेतील जपानी मर्यादित शब्दांची आहे. 'काकुरित्सु' म्हणजे संभाव्यता, 'बुन्पु' म्हणजे वितरण, 'कितायची' म्हणजे अपेक्षित मूल्य, असे दीड-दोनशे शब्द आले की प्रश्न समजू लागतो. इथेच कायम राहायचे असेल त्यांनी या मार्गाला घाबरू नये.

एक व्यावहारिक सल्ला. एकट्याने अभ्यास करू नका. आम्ही चौघेजण दर शनिवारी सकाळी दोन तास एकत्र बसत असू. नियम एकच होता. उत्तर सांगायचे नाही, 'किती काळासाठी, कशापैकी, स्वतंत्र की एकत्र' हे आधी सांगायचे. चौघांपैकी दोघे आज विमा क्षेत्रात आहेत, एक बँकेत आहे आणि चौथ्याने नोकरी बदलली नाही, पण घराचे सर्व विमे नव्याने तपासून घेतले. त्यालाही मी अभ्यासाचे फळच म्हणतो.

स्वाध्याय

१. अराकावा नदीच्या पूरनियंत्रणाच्या दीर्घकालीन आराखड्याचे उद्दिष्ट 'दोनशे वर्षांतून एकदा' येणाऱ्या पुराला तोंड देण्याचे आहे. असा पूर तीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता किती?

२. दुसऱ्या धड्यातील तपासणी अधिक वयाच्या गटात केली, जिथे हजारात दहा जण आजारी आहेत. पत्र आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती?

३. एखादा विनिमयदर रोज सरासरी ०.५ टक्के हलतो आणि रोजचे बदल स्वतंत्र आहेत. सोळा दिवसांचा चढउतार किती?

४. एका कंपनीने फुनाबोरीतील एकाच इमारतीत शंभर जणांचा सामानाचा विमा घेतला. दुसरीने जपानभर विखुरलेल्या शंभर घरांचा. हप्ता व अपेक्षित नुकसान सारखेच. राखीव निधी कोणी जास्त ठेवावा, आणि का?

उत्तरे : १. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता २०० पैकी १९९. तिचा तिसावा घात ०.८६, म्हणून उत्तर सुमारे १४ टक्के. २. खरे आजारी आठ, उगाच शंकास्पद सुमारे पन्नास. म्हणून अठ्ठावन्नात आठ, साधारण १४ टक्के. तपासणी तीच, पण लोक बदलले की पत्राचा अर्थ बदलतो. ३. सोळाचे वर्गमूळ चार, म्हणून २ टक्के. ४. पहिलीने. सरासरी सारखी असली तरी तिची शंभर घरे एकाच धक्क्यात जाऊ शकतात.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आकडेमोड न करता दिले त्यांनी अभ्यासाला खुशाल सुरुवात करावी. आणि ज्यांच्याकडे कासाई होकेनचे कागद आहेत त्यांनी या आठवड्यात ते काढून दोन गोष्टी पाहाव्यात. जिशिन होकेन जोडलेले आहे का, आणि सुइसाईचे कलम आहे का.